शिलारसाची उत्पत्ती : विचारांचा इतिहास

भूकवचाच्या तळभागात किंवा त्याखालील प्रावरणात खडक वितळून तयार होणाऱ्या द्रव्यास शिलारस म्हणतात. त्यात बहुधा काही स्फटिक तरंगत असतात आणि पाण्याची वाफ, कार्बन डाय-ऑक्साइड, गंधकाची संयुगे इ. बाष्पनशील घटक विरघळलेले असतात. हा रस भूपृष्ठावर आला म्हणजे त्यास लाव्हा ही संज्ञा लावतात. वर येण्यापूर्वीच तो खोल जागी सावकाश थिजला, तर ग्रॅनाइटासारखे भरड कणांचे खडक बनतात. पृथ्वीचे प्रावरण घन आहे, हे भूकंप तरंगांच्या अभ्यासावरून निश्चित झालेले आहे. मग हा द्रव येतो कोठून, हा प्रश्न भूविज्ञानात जवळजवळ दोनशे वर्षे वादाचा राहिला. भूपट्ट जेथे एकमेकांकडे सरकतात, तेथे होणाऱ्या शिलारसाचे उत्तर सर्वांत उशिरा, म्हणजे १९६० नंतरच्या तीन दशकांत मिळाले. महाराष्ट्राचा बहुतेक भाग शिलारसापासूनच बनलेला आहे. पण तो त्या प्रकारचा नाही. हा भेद कसा उमगला, हा या इतिहासाचा महत्त्वाचा भाग होय.

नाशिक शहराच्या नैर्ऋत्येस असलेले अंबड हे पूर्वी लहानसे खेडे होते; आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे व तेथील औद्योगिक वसाहतीमुळे सर्वत्र परिचित आहे. या परिसरात कोठेही पाया खणला, तर प्रथम काळी माती, तिच्याखाली मुरूम व त्याखाली काळा कातळ लागतो. विहीर खोदणाऱ्यास हा कातळ एकसारखा नाही, हे पुस्तकावाचून ठाऊक असते. काही थर घट्ट व पाणी न धरणारे असतात, तर काही सच्छिद्र, ठिसूळ व पाण्याचे असतात. क्वचित दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पातळ पट्टा आढळतो. सच्छिद्र थर हा लाव्ह्याच्या प्रवाहाचा माथा होय; त्यातील छिद्रे वायूंच्या बुडबुड्यांची आहेत. लाल पट्टा म्हणजे एक प्रवाह थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंतच्या काळात झिजून तयार झालेली जुनी जमीन. अंबडच्या जवळच असलेल्या पांडवलेण्यांच्या डोंगरात सुमारे इ. स. पू. पहिल्या शतकापासून लेणी कोरली गेली, तीही याच खडकात. लेणी कोरणाऱ्यांना घट्ट व भुसभुशीत थरांतील फरक चांगला माहीत असला पाहिजे. त्याखेरीज एवढी मोठी दालने अशा कड्यात धरली नसती.

या खडकास बेसाल्ट म्हणतात. त्याच्या उत्पत्तीचा प्रश्न यूरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऐरणीवर आला. जर्मनीतील फ्रायबेर्क येथील आब्राहाम व्हेर्नर व त्यांचे अनुयायी बेसाल्ट हा आद्य महासागरातून निक्षेपित झालेला खडक समजत असत. फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रदेशात नीकॉला देमारे यांनी बेसाल्टाचे थर मागोमाग तपासत जाऊन ते विझलेल्या ज्वालामुखींच्या मुखांपर्यंत पोहोचतात, असे दाखविले होते. स्कॉटलंडमध्ये जेम्स हटन यांनी ग्रॅनाइटही वितळलेल्या स्थितीतून आलेला आहे, असा पक्ष मांडला. हटन यांचे मित्र जेम्स हॉल यांनी १७९८ च्या सुमारास बेसाल्ट भट्टीत वितळवून तो सावकाश निवू दिला, तेव्हा काचेऐवजी स्फटिकमय खडक परत मिळाला. अग्निपक्षाचा विजय झाला तो मुख्यतः देमारे यांच्या पायपिटीने व हॉल यांच्या भट्टीने. वादविवादाच्या ग्रंथांचा त्यात वाटा कमी होता, असे म्हणावयास हरकत नाही.

यानंतर जॉर्ज पूलेट स्क्रोप यांनी १८२५ साली ज्वालामुखींवरील आपल्या ग्रंथात पाण्याचा मुद्दा पुढे आणला. शिलारसाची प्रवाहिता केवळ उष्णतेमुळे नसून त्यात मिसळलेल्या पाण्यामुळेही असते, असे त्यांचे म्हणणे होते. समकालीनांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. हा मुद्दा जवळजवळ सव्वाशे वर्षांनी प्रयोगशाळेत खरा ठरला.

दख्खनच्या खडकांचे पहिले सविस्तर वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचे. मुंबई सरकारच्या सेवेत असताना त्यांनी पुणे, अहमदनगर व आसपासच्या मुलखात भ्रमंती केली व १८३३ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे आपला निबंध वाचला. शेकडो किमी.पर्यंत जवळजवळ आडवे पसरलेले थर पाहून ते विस्मित झाले होते. डोंगरांच्या उतारांना पायऱ्यांसारखा आकार असल्यामुळे अशा खडकांना जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून ‘ट्रॅप’ हे नाव रूढ झाले. ब्रह्मगिरी किंवा अंजनेरीच्या कड्यांकडे पावसाळ्यानंतर पाहिल्यास हे नाव किती समर्पक आहे, ते कळून येते. नागपूर भागात स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांना थरांच्या मध्ये गोड्या पाण्यातील शंखशिंपल्यांचे व वनस्पतींचे जीवाश्म सापडले. त्यावरून लाव्हा समुद्राच्या तळावर नव्हे, तर तळी व झाडी असलेल्या उघड्या भूमीवर पसरला, हे उघड झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६७ साली या सर्व निरीक्षणांची व्यवस्थित मांडणी केली. मोठा शंक्वाकार ज्वालामुखी पर्वत कोठेच आढळत नाही. लाव्हा लांबलचक भेगांतून आला असावा व प्रवाह एकावर एक साचत गेले असावेत, हा निष्कर्ष त्या काळच्या अभ्यासातून पुढे आला आणि आजही तो मोडलेला नाही. भुसावळ येथे कोळशासाठी घेतलेल्या छिद्रात सुमारे ३७० मी. खोलीत २९ प्रवाह मोजता आले. लुइस फर्मोर यांनी १९२५ साली त्यांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला.

खडक अग्निज आहे, हे ठरले. पण उष्णतेचे मूळ कळले नव्हते. एकोणिसाव्या शतकात पुष्कळांची समजूत अशी होती की, पृथ्वीचे कवच हे पातळ टरफल असून आत सर्वत्र रसच आहे व ज्वालामुखी हे त्या रसाचे छिद्र होय. शाळकरी पुस्तकांतून ही समजूत अजूनही डोकावते. विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८६३ च्या सुमारास भरतीओहोटीच्या गणितावरून तिला धक्का दिला. पृथ्वी आतून द्रव असती, तर सूर्यचंद्रांच्या ओढीने जमीनही पाण्याबरोबर वरखाली झाली असती आणि किनाऱ्यावर भरती दिसलीच नसती. पुढे १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करणारे रिचर्ड डिक्सन ओल्डॅम यांनी १९०६ साली पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे तरंगांवरून दाखविले. प्रावरणातून आडवे कंप करणारे तरंग जातात. असे तरंग द्रवातून जाऊ शकत नाहीत. म्हणजे सुमारे २,९०० किमी. खोलीपर्यंत खडक घनच आहे.

मग घन प्रावरणात रस कसा होतो? जॉन जॉली यांनी १९२५ मध्ये किरणोत्सर्गाने साठत जाणारी उष्णता ठरावीक काळाने बेसाल्टाचा खोल थर वितळविते, असे सुचविले. फर्मोर यांनी त्याआधीच कवचाखाली गार्नेटयुक्त जड खडकांचा पट्टा असावा, अशी कल्पना मांडली होती. या कल्पना धाडसी होत्या, परंतु त्या पडताळून पाहण्याचे साधन नव्हते. ते साधन अमेरिकेतील कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकीय प्रयोगशाळेत तयार झाले. तेथे नॉर्मन बोएन यांनी सिलिकेटांचे मिश्रण वितळवून ते कोणत्या तापमानास कोणते स्फटिक देते, हे चिकाटीने मोजले व १९२८ साली अग्निज खडकांच्या क्रमविकासावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. खडक हा बर्फासारखा एका तापमानास वितळत नाही. तो अनेक खनिजांचा बनलेला असल्यामुळे प्रथम त्याचा थोडाच अंश वितळतो आणि त्या अंशाचे रासायनिक संघटन मूळ खडकाहून भिन्न असते. प्रावरणातील पेरिडोटाइट हा ऑलिव्हीन व पायरोक्सीन यांचा खडक अंशतः वितळला, तर बेसाल्टी रस मिळतो. हॅटन योडर व सेसिल टिली यांनी १९६२ साली उच्च दाबाखालील प्रयोगांनी यास भक्कम आधार दिला.

या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. कोरड्या पेरिडोटाइटाचा वितळबिंदू भूपृष्ठावरील दाबाखाली सुमारे १,१०० ते १,१५०° से. असतो, १०० किमी. खोलीवरील दाबाखाली तो १,४५० ते १,५००° से. पर्यंत चढतो. म्हणजे दाब हा वितळण्याचा शत्रू होय. घन खडक द्रव होण्यास तीनच वाटा उरतात : त्याचे तापमान वाढविणे, त्यावरील दाब कमी करणे किंवा त्यात पाण्यासारखा पदार्थ मिसळून वितळबिंदू खाली आणणे. लोहार वा सुवर्णकार धातू लवकर वितळावा म्हणून टाकणखार टाकतो, त्याच्याशी तिसऱ्या वाटेचे थोडे साम्य आहे. मात्र खडकात पाणी स्फटिकांच्या जालकात शिरून त्यातील बंध तोडते.

महासागरांच्या मध्यवर्ती कटकांखाली पट्ट दूर सरतात व खालचे प्रावरण वर येते. तेथे दुसरी वाट लागू पडते. अवघड प्रकरण होते ते अभिसारी सीमांचे. पॅसिफिक महासागराभोवती जपान, फिलिपीन्स, इंडोनेशिया, अल्यूशन बेटे व अँडीज पर्वत असे ज्वालामुखींचे कडे आहे. तेथे बेसाल्टापेक्षा अधिक सिलिका असलेला अँडेसाइट हा खडक विपुल आढळतो. त्याचे नावच अँडीजवरून पडले आहे. जपानी भूकंपवैज्ञानिक कियो वादाती यांनी १९३५ च्या सुमारास भूकंपांची केंद्रे समुद्राकडून भूमीकडे तिरकी खोल खोल जातात, असे दाखवून दिले. ह्यूगो बेनिऑफ यांनी १९४९ व १९५४ साली अन्य सागरी खंदकांपाशीही तोच प्रकार दाखविला. १९६७–६८ मध्ये भूपट्ट सांरचनिकीचा सिद्धांत उभा राहिला, तेव्हा या तिरक्या पट्ट्याचा अर्थ लागला : एक सागरी पट्ट दुसऱ्याखाली वाकून प्रावरणात उतरत आहे. या क्रियेस निमज्जन म्हणतात. ज्वालामुखींची रांग बहुधा उतरत्या पट्टाची खोली सुमारे १०० किमी. असते, तेथे बरोबर वर उभी राहते.

येथे एक विरोध उभा राहिला आणि तो खरोखर त्रासदायक होता. उतरणारा पट्ट समुद्रतळावर कोट्यवधी वर्षे थंड झालेला असतो. वर्षाला काही सेंमी. या वेगाने तो खाली जातो आणि खडक उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे १०० किमी. खोलीवरही त्याचा अंतर्भाग भोवतालच्या प्रावरणापेक्षा शेकडो अंशांनी थंड राहतो. अग्नीत बर्फाची लादी ढकलावी आणि नेमकी तिच्यावरची बाजू पेटावी, असा हा प्रकार. ट्रेव्हर ग्रीन व टेड रिंगवुड यांनी १९६८ साली सुचविले की, पट्टातील बेसाल्टाचे दाबाखाली एक्लोजाइटात रूपांतर होते व तो एक्लोजाइटच अंशतः वितळून अँडेसाइटी रस देतो. रॉन ऑक्सबर्ग व डोनाल्ड टर्कॉट यांनी १९७० मध्ये पट्टाच्या पृष्ठावरील घर्षणाची उष्णता हिशेबात धरली. दोन्ही मतांना काही काळ अनुयायी लाभले. परंतु तप्त खडक नरम होतो व नरम खडकात घर्षण उरत नाही, ही अडचण दुसऱ्या मतास बाधली. पहिले मत केवळ तरुण व उष्ण पट्टांपुरते टिकले.

खरा धागा जपानमध्ये व अल्यूशन बेटांत आधीच हाती आला होता. हिसाशी कूनो यांनी १९५९ साली दाखविले होते की, जपानच्या पूर्व किनाऱ्याकडून पश्चिमेकडे जावे तसतसे ज्वालामुखी खडकांतील सोडियम व पोटॅशियम यांचे प्रमाण वाढत जाते, म्हणजे रसाचे संघटन खोलीशी निगडित आहे. रॉबर्ट कोट्स यांनी १९६२ मध्ये, भूपट्ट सांरचनिकी हे नाव रूढ होण्यापूर्वीच, सागरी गाळ व पाणी खाली ओढले जाऊन वरील प्रावरणात मिसळत असावे, असे अल्यूशन बेटांविषयी लिहिले. इकुओ कुशिरो व त्यांचे सहकारी यांनी १९६८ साली पेरिडोटाइट पाण्याबरोबर दाबाखाली तापविला, तेव्हा तो कोरड्या खडकाहून शेकडो अंश कमी तापमानास, सु. १,०००° से. किंवा त्याहून खाली, वितळू लागला. हे स्क्रोप यांच्या जुन्या कल्पनेचे पुनरागमनच होय.

आज मान्य असलेले चित्र पुढीलप्रमाणे आहे. समुद्रतळाच्या बेसाल्टात भेगांमधून खारे पाणी शिरते व क्लोराइट, अँफिबोल, सर्पेंटाइन अशी जलयुक्त खनिजे बनतात. पट्ट खाली उतरताना दाब व उष्णता वाढून ही खनिजे टप्प्याटप्प्याने मोडतात आणि पाणी सोडतात. ते पाणी वर चढून दोन पट्टांमधील प्रावरणाच्या पाचरीत जाते. पाचर तप्त असते, परंतु कोरडी असताना वितळण्याइतकी नसते; पाण्याने तिचा वितळबिंदू खाली येताच ती अंशतः वितळते. म्हणजे रस थंड पट्टाचा नसून त्याच्या वरच्या खडकाचा असतो; पट्ट केवळ पाणी पुरवितो. हा रस प्रथम बेसाल्टीच असतो. कवचातून वर येताना त्यातून काही स्फटिक वेगळे होतात, भोवतालचा खडक त्यात विरघळतो व त्याचा अँडेसाइट होतो. विरघळलेले पाणी वर दाब कमी झाल्यावर वाफ होऊन सुटते, म्हणूनच हे ज्वालामुखी स्फोटक असतात.

या चित्राचा एक सुरेख पुरावा १९८२ साली मिळाला. बेरिलियम–१० हा किरणोत्सर्गी समस्थानिक वातावरणात विश्वकिरणांमुळे तयार होतो, पावसाबरोबर खाली येतो व सागरी गाळात साठतो. त्याचा अर्धायुकाल सुमारे १४ लाख वर्षे असल्याने प्रावरणात तो असण्याचे कारण नाही. तरीही निमज्जन पट्ट्यावरील काही ज्वालामुखींच्या ताज्या लाव्ह्यात तो सापडला. आकाशात जन्मलेला अणू समुद्रतळ व प्रावरण असा प्रवास करून काही दशलक्ष वर्षांत ज्वालामुखीतून परत येतो, हे त्यावरून सिद्ध झाले. तसल्या सीमेपासून दूर असलेल्या ज्वालामुखींत तो आढळला नाही.

भारतात हा प्रकार पाहावयाचा, तर अंदमान समुद्रात जावे लागते. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस सुमारे १३५ किमी. अंतरावरील बॅरन बेट हा देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. भारतीय पट्ट तेथे पूर्वेकडील लहान पट्टाखाली उतरतो. लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर यांनी १७८९ साली त्याचा उद्रेक पाहिला. फ्रेडरिक मॅलेट यांनी १८८५ मध्ये बॅरन व त्याच्या उत्तरेकडील नारकोंडम या बेटांवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा स्मृतिग्रंथ लिहिला. १८३२ नंतर बॅरन बेट शांत होते; १९९१ मध्ये ते जागे झाले आणि २००५ पासून त्याची धुसफुस अनेकदा दिसली आहे. नारकोंडम मात्र निद्रिस्त असून त्याचा खडक अँडेसाइटाच्या वळणाचा आहे.

याच क्रियेचा जुना व थिजलेला नमुना लडाखमध्ये आहे. टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली जात असताना तयार झालेले ग्रॅनाइटी खडक लडाख पर्वतरांगेत उघडे पडले आहेत. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियास भिडला, सागरी पट्ट संपला व पाण्याचा पुरवठा आटला. त्यामुळे हिमालयात जागृत ज्वालामुखींची रांग नाही. पट्ट अजूनही एकमेकांवर दाबले जात आहेत, तथापि नुसत्या अभिसरणाने रस होत नाही. त्यास खाली जाणारा ओला समुद्रतळ लागतो. गंगोत्रीच्या परिसरातील फिकट ग्रॅनाइट नंतरचे आहेत. ते जाड झालेल्या कवचाचाच अंश वितळून झाले.

आता पुन्हा अंबडच्या कातळाकडे वळणे इष्ट होय. सह्याद्रीत दख्खनच्या थरांची एकूण जाडी २,००० मी.पेक्षा अधिक भरते. कळसूबाईचे १,६४६ मी. उंचीचे शिखर अशाच प्रवाहांचे बनले आहे. पूर्वेकडे व दक्षिणेकडे ही जाडी उतरत जाते : कोयना परिसरात केलेल्या वेधनात सुमारे ९३० मी. खोलीवर, तर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे ३३८ मी.वर खालचा प्राचीन स्फटिकी खडक लागला. आज या खडकांनी सुमारे ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापलेले आहे. बहुतेक उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भूवैज्ञानिक दृष्टीने अत्यल्प अशा सुमारे १० लाख वर्षांच्या अवधीत झाले. त्या वेळी भारत चोहोबाजूंनी समुद्राने वेढलेला होता व त्याचे कोणतेही अभिसारी टोक दख्खनजवळ नव्हते. खडकाची साक्षही तशीच आहे. हेन्री वॉशिंग्टन यांच्या १९२२ मधील रासायनिक विश्लेषणांपासून सह्याद्रीचे थर रसायनावरून ओळखून लावण्याच्या १९८० नंतरच्या कामापर्यंत सर्वत्र बेसाल्टच प्रमुख दिसतो. अँडेसाइटांची रांग नाही. आणि ओल्या रसाची खूण असलेले हॉर्नब्लेंड हे खनिज या प्रवाहांत सहसा आढळत नाही. निमज्जन पट्ट्यातील रसात पाण्याचे वजनी प्रमाण सामान्यतः २ ते ६ टक्के असते. दख्खनचा रस त्या मानाने कोरडा होता.

म्हणून येथे दुसरी वाट मानावी लागते. तप्त प्रावरण वर चढू लागले, तर त्याचे तापमान दर किमी.मागे जेमतेम अर्धा अंश घटते. वितळबिंदू मात्र तीन-चार अंशांनी खाली येतो. काही उंचीवर दोन्ही रेषा छेदतात व खडक आपोआप वितळू लागतो. जेसन मॉर्गन यांनी १९७० नंतरच्या दशकात खोलवरून उठणाऱ्या तप्त स्तंभांची कल्पना मांडली व दख्खनचा संबंध हिंदी महासागरातील रेयूनियों बेटाशी जोडला. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि त्याच स्थानावरून लक्षद्वीप, मालदीव, छागोस व मॉरिशस यांचा माग उमटला, असे हे मत आहे. १९८७ साली समुद्रतळावर केलेल्या वेधनात या मागातील खडकांचे वय दक्षिणेकडे कमी होत गेलेले आढळले. भारत दक्षिण गोलार्धातून आला, याला दख्खनच्या बेसाल्टातील गोठलेल्या चुंबकत्वाचा पुरावा १९५० नंतरच्या दशकातच मिळाला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांचा त्या कामात मोठा वाटा होता. स्तंभाची कल्पना सर्वमान्य मात्र नाही. खंड फाटताना कवच ताणले गेले, तेवढ्यानेही प्रावरण वर येऊ शकते, असे मानणारे अभ्यासक महाराष्ट्रातही आहेत. वाद वर चढण्याच्या कारणाविषयी आहे. दाब उतरल्याने रस झाला, याविषयी नाही.

या निष्कर्षाचा एक व्यावहारिक भाग आहे. भूकंपाचा धक्का बसला किंवा विहिरीत गरम पाणी लागले की ‘ज्वालामुखी जागा होतो आहे’, अशी वार्ता पसरते. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर ती पसरली होती, यात नवल नाही. तथापि महाराष्ट्राखाली पाणी पुरविणारा उतरता पट्ट नाही, आणि ज्या तप्त प्रावरणातून हा रस आला ते भूखंड सरकल्यामुळे केव्हाच मागे राहिले. वज्रेश्वरी, राजापूर येथील उष्ण झऱ्यांचे पाणी भेगांतून खोलवर मुरून तापलेले पावसाचे पाणी होय. लोणारचे विवर दीर्घकाळ ज्वालामुखीय समजले जात असे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते उल्काघाताचे असल्याचे दाखविले.

नाशिकच्या बेसाल्टात पाणी अजिबात नाही असे मात्र नव्हे. पांडवलेण्यांच्या परिसरातील दगडखाणी व सिन्नरकडील भाग ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट अशा सुंदर स्फटिकांसाठी जगभर प्रसिद्ध असून त्यांचे नमुने दूरदूरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. ही खनिजे जलयुक्त आहेत. परंतु ते पाणी शिलारसाचे नव्हे : प्रवाह थिजून गेल्यानंतर मुरलेल्या कोमट पाण्याने खडकातील द्रव्ये विरघळवली व बुडबुड्यांच्या रिकाम्या पोकळ्यांत ती सावकाश स्फटिकरूपाने ठेवली.